साखळीचोरीचा बंदोबस्त: पोलीस ठाण्याच्या हद्दीत मोहीम कशी आखतात, पायरी पायरीने

एका आठवड्यात हद्दीत तीन-चार बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं गेली की ठाण्यात काय होतं, हे ठरलेलं आहे. वरून फोन येतो. संध्याकाळी चौकाचौकांत बॅरिकेड लागतात, हेल्मेट नसलेल्यांच्या पावत्या फाटतात, दुसऱ्या दिवशी पेपरात ‘शहरात कडक नाकाबंदी’ छापून येतं. मग गणपतीचा किंवा एखाद्या सभेचा बंदोबस्त लागतो, माणसं तिकडे जातात आणि चोर पुन्हा त्याच रस्त्यावर दिसतात. धावपळ सगळीच होते, आखणी तेवढी राहून जाते.

हा लेख मुख्यतः गुन्हे प्रकटीकरण पथकात, म्हणजे ठाण्याच्या भाषेत ‘डीबी’त, नव्याने आलेल्या उपनिरीक्षकासाठी आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आणि ‘पोलीस करतात तरी काय?’ असं विचारणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही तो उपयोगी पडेल. उदाहरण साखळीचोरीचं घेतलं आहे, पण घरफोडी आणि दुचाकीचोरीलाही थोड्या फरकाने हाच क्रम लागू होतो.

१. आधी नोंद खरी करा

आखणीचा पाया नकाशा नाही, ठाणे अंमलदाराच्या टेबलावरची नोंद आहे. मोबाईल हिसकावून नेला तरी अर्जात ‘गहाळ’ लिहून घ्यायचं, साखळी अर्धीच तुटून गेली तर ‘किरकोळ आहे, कशाला कोर्टाच्या फेऱ्या’ म्हणून बाईला परत पाठवायचं, हे प्रकार ठाण्यांना नवे नाहीत. पोलिसांत याला बर्किंग म्हणतात. आकडा खाली दिसतो, साहेब खूश होतात आणि डीबीचा अधिकारी आंधळा होतो. पाच घटनांपैकी तीन गहाळ रजिस्टरमध्ये गेल्या, तर उरलेल्या दोनांतून कुठलाच आकृतिबंध दिसत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात मागच्या सहा महिन्यांचं गहाळ रजिस्टर घेऊन बसा. अर्जदारांना फोन करा आणि एवढंच विचारा, ‘मोबाईल पडला होता की कोणी ओढला?’ जिथे ओढला असेल तिथे वरिष्ठांशी बोलून गुन्हा दाखल करून घ्या. महिन्याचा आलेख वर जाईल आणि गुन्हे आढावा बैठकीत बोलणी खावी लागतील. ती खा. त्या वाढीचं कारण लेखी टिपण करून आधीच वरिष्ठ निरीक्षकांच्या हाती दिलं असेल, तर बोलणी थोडी कमी बसतात.

कलम लावतानाही नेमकेपणा हवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करण्याला कलम ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण साखळी ओढताना बाईला मुद्दाम पाडलं, ढकललं किंवा चाकू दाखवला, तर प्रकरण जबरी चोरीचं, म्हणजे कलम ३०९ चं होतं आणि शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत जाते. मानेवरचा ओरखडा दिसत असेल तर फिर्यादीला आधी वैद्यकीय तपासणीला पाठवा. घटना शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत घडली असली तरी ‘तिकडे जा’ म्हणू नका. शून्य क्रमांकाने, म्हणजे आपल्या ठाण्याचा क्रमांक न देता, गुन्हा नोंदवून त्या ठाण्याकडे वर्ग करण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे.

२. जागा, वेळ आणि पद्धत

आता नकाशा. भिंतीवर टाचण्या लावा किंवा मोबाईलवर खुणा करा, साधन कोणतंही चालेल. प्रत्येक घटनेपुढे मात्र नेमकी जागा (‘अमुक नगर’ नव्हे, तर कोणत्या गेटसमोर, रस्त्याच्या कोणत्या बाजूला), वार आणि वेळ, चोर आले कुठून आणि गेले कुठे, आणि त्यांची पद्धत, या गोष्टी हव्यातच. पद्धतीचे तपशील फिर्यादीत बहुतेक वेळा येत नाहीत, ते वेगळे विचारावे लागतात. पत्ता विचारायला थांबले का? मागून आले की समोरून? मागे बसलेल्याने डावा हात वापरला की उजवा? ‘पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा’ असं सांगणारे तोतया पोलीस असतील, तर ती टोळी पूर्णपणे वेगळी. त्यांना साखळीचोरांच्या यादीत घालू नका.

समजा, दोन महिन्यांत नऊ घटना आहेत. कागदावर मांडल्यावर दिसतं की सहा घटना सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान, महामार्गाला लागणाऱ्या दोनच रस्त्यांवर घडल्या. फिरायला निघालेल्या किंवा देवळात चाललेल्या साठीच्या आसपासच्या बायका आणि पाच मिनिटांत हद्दीबाहेर नेणारा सर्व्हिस रोड, एवढ्यावर त्यांचं गणित आहे. उरलेल्या तीन घटना संध्याकाळच्या, बाजारातल्या, गर्दीत धक्का देऊन केलेल्या. म्हणजे तुमच्यासमोर दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोघांना एकच उत्तर चालणार नाही.

प्रश्नाचं असं पृथक्करण करून मग कारवाई करायची, हा विचार अमेरिकेत हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडला. पोलीस एकेका घटनेमागे धावतात आणि घटनांच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहतो, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडच्या कुठल्याही ठाण्यात बसून ती तंतोतंत पटते.

३. गस्त कुठे आणि किती वेळ

गाडी फिरत राहिली की चोर घाबरतात, ही समजूत फार जुनी. ती १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत तपासून पाहिली गेली. पंधरा बीट, म्हणजे गस्तीसाठी पाडलेले हद्दीचे भाग, घेतले. पाच बीटमधली नेहमीची गस्त बंद केली आणि फक्त बोलावणं आलं तरच गाडी पाठवली. पाच बीटमध्ये गस्त दोन-तीन पट केली, पाच होते तसेच ठेवले. वर्षभरानंतर गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक आढळला नाही. नुसत्या भटक्या गस्तीने काही साधत नाही, हे त्यातून कळलं.

दुसरी बाजू अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात दिसली. तिथल्या अभ्यासात सुमारे ३ टक्के पत्त्यांवरूनच पोलिसांना येणारे जवळजवळ निम्मे कॉल येत होते. मग ११० ठिकाणं निवडून त्यांतल्या निम्म्यांवर गस्त वाढवली, आणि तिथे फरक पडला. त्याच माहितीवरून क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवलं की एका जागी सुमारे १५ मिनिटं थांबण्याचा उपयोग सर्वाधिक. गाडी नुसती तिथून निघून गेली तर परिणाम टिकत नाही आणि त्याहून जास्त वेळ उभं राहून फार काही पदरात पडत नाही.

आपल्या हद्दीत याचा अर्थ सरळ आहे. बीट मार्शलना, म्हणजे गस्तीवरच्या शिपायांना, ‘सकाळी पेट्रोलिंग करा’ असा आदेश देऊ नका. ‘६.३० ते ६.४५ मंदिराचा कोपरा, ७ ते ७.१५ सर्व्हिस रोडचं तोंड, ७.३० ला पुन्हा मंदिर’ असा कागद द्या आणि क्रम दर दोन दिवसांनी बदला. थांबल्यावर गाडीवरून उतरून उभं राहायचं, दूधवाल्याशी, वॉचमनशी दोन शब्द बोलायचे. अनेक शहरांत ठरलेल्या जागी क्यूआर कोड स्कॅन करायची पद्धत आहे. चांगली आहे, पण स्कॅन करून लगेच पुढे पळणारे मार्शलही असतात. कोड स्कॅन झाला एवढ्यावर समाधान मानू नका.

मनुष्यबळ कमी आहे, हे खरंच आहे. नेमकं म्हणूनच ते सगळ्या हद्दीवर पातळ पसरू नका. सकाळच्या दीड तासात दोन मार्शल योग्य जागी असणं हे रात्रभर फिरणाऱ्या चार गाड्यांपेक्षा इथे जास्त कामाचं.

४. नाकाबंदी

नाकाबंदी घटना घडल्यापासून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत, पळून जायच्या वाटांवर लागली तर उपयोगाची. त्यासाठी ‘अमुक भागात घटना, तर हे चार पॉइंट’ अशी यादी आधीच तयार हवी आणि ती नियंत्रण कक्षाकडेही हवी. ११२ ला कॉल आला की वायरलेसवर फक्त पॉइंट क्रमांक उच्चारावा, बाकीचं ज्याचं त्याला माहीत असावं. संध्याकाळी सहाला मुख्य चौकात लावलेल्या नाकाबंदीत साखळीचोर सहसा सापडत नाही, कारण त्याला ती लांबूनच दिसते. तशा नाकाबंदीचा दुसरा उपयोग असेल, तो इथला विषय नाही.

५. घटना घडल्यानंतर: कॅमेऱ्यांचा माग

हा भाग सगळ्यात कष्टाचा आणि इथेच बहुतेक तपास जिंकले किंवा हरले जातात.

पहिलं काम म्हणजे फुटेज वाचवणं. दुकानाच्या आणि सोसायटीच्या डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं, रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कुठे महिन्याने, कुठे आठवड्यातच. त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणू नका. दुसरं काम म्हणजे घड्याळ. डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असतं असं समजू नका. स्क्रीनवर ७.०४ दिसत असताना तुमच्या मोबाईलवर ७.१५ वाजले असतील, तर तो अकरा मिनिटांचा फरक तिथेच पंचनाम्यात लिहा आणि दोन्ही घड्याळं एका फोटोत घ्या. हे केलं नाही तर दहा कॅमेऱ्यांची साखळी जुळवताना दुचाकी कधी स्वतःच्या आधी पोहोचते, कधी मधेच गायब होते, आणि पुढे कोर्टात बचाव पक्षाचा वकील त्याच अकरा मिनिटांवर तासभर उलटतपासणी घेतो.

तिसरं, माग दोन्ही दिशांनी काढा. नवा माणूस फक्त पळण्याच्या वाटेवर कॅमेरे बघतो. पळताना चोर सावध असतात. जर्किन बदलतात, नंबरप्लेट वाकवलेली असते, गल्लीबोळ धरतात. येताना ते तेवढे सावध नसतात. ज्या पेट्रोलपंपावर थांबले, ज्या टपरीवर चहा घेतला, जिथे हेल्मेट काढून तोंड पुसलं, ते सगळं घटनेच्या आधीच्या दोन-तीन तासांत सापडतं. घटनास्थळापासून उलटं चालत जा.

नंबर दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. तो बऱ्याचदा चोरीच्या गाडीचा किंवा बनावट निघतो. गाडीवरच्या इतर खुणा लिहून ठेवा: एका बाजूचा आरसा नाही, मागचा इंडिकेटर तुटलेला, सीटवर पट्टी. पाच वेगवेगळ्या नंबरप्लेटखाली तीच गाडी ओळखता येते ती अशा खुणांवरूनच.

फुटेज घेताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्यातला एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, हीही द्यायची. सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सगळं घाबरवणारं वाटतं. दहा मिनिटं बसून समजावून सांगा, सही त्याच भेटीत घ्या. सहा महिन्यांनी तो फ्लॅट विकून दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

मोबाईल टॉवरच्या डंप डेटाबद्दल, म्हणजे ठरावीक वेळेत त्या टॉवरवर आलेल्या सगळ्या क्रमांकांच्या यादीबद्दल, थोडक्यात. दोन-तीन घटनास्थळांच्या वेळा नेमक्या माहीत असतील, तर तिन्ही ठिकाणी हजर असलेला क्रमांक शोधण्यासाठी तो कामाचा आहे. एकाच घटनेसाठी मागवला तर हजारो निरपराध लोकांचे क्रमांक हाती येतात आणि धागा एकही मिळत नाही. तो मागवण्याचे अधिकार आणि रीत ठरलेली आहे, ओळखीच्या माणसाकडून ‘जरा सीडीआर (कॉलचा तपशील) काढून दे’ म्हणणं हा फौजदारी गुन्हा होऊ शकतो.

६. यादी, खबरी आणि माल घेणारा

रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांची यादी प्रत्येक ठाण्यात असते. ती जिवंत आहे का, हे बघा. निम्मे लोक पत्ता सोडून गेलेले, काही आजारी, काही केव्हाचे सुधारून रिक्षा चालवणारे. कारागृहातून कोण कधी सुटलं, ही माहिती दर आठवड्याला घ्या आणि नकाशावरच्या तारखांशी ताडून बघा. घटना अचानक सुरू झाल्या असतील, तर त्याच्या मागच्या पंधरवड्यात कोण बाहेर आलं, हा पहिला प्रश्न. पण यादीत नाव आहे म्हणून त्याला उचलून आणणं हा तपास नव्हे. सुधारलेल्या माणसाला दर घटनेनंतर ठाण्यात बसवलं की तो एक तर पुन्हा धंद्याला लागतो किंवा उद्याची खबर देणं बंद करतो.

खबऱ्याचं नाव स्टेशन डायरीत नसतं, डोक्यात असतं. त्याच्या एका खबरीवर कारवाई करू नका, दुसऱ्या मार्गाने पडताळा. आणि एका टोळीची खबर देणारा दुसऱ्या टोळीचा माणूस असू शकतो, हे विसरू नका.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित कडी म्हणजे चोरीचं सोनं विकत घेणारा. साखळी दोन दिवसांत वितळते. ती कोणीतरी वितळवतो, बाजारभावापेक्षा कमी पैसे देतो आणि पुढच्या वेळची वाट बघतो. पकडलेल्या चोराकडून साठ ग्रॅमची लगड हस्तगत झाली की पथकाचा फोटो निघतो, पण लगड करून देणाऱ्याचं काय झालं, हे कोणी विचारत नाही. न्याय संहितेचं कलम ३१७ त्याच्यासाठीच आहे, आणि चोरीच्या मालाचा नेहमीचा धंदा करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अर्थात माल चोरीचा असल्याची त्याला जाणीव होती, हे सिद्ध करावं लागतं. म्हणून पावती नसणं, भावातला फरक, चोराशी झालेले फोन, पूर्वीचे व्यवहार, हे एकेक कागदावर आणा. दुसऱ्या बाजूने, पुरावा नसताना सराफाला धमकावून ‘एवढं सोनं भरून दे’ म्हणणं ही खंडणीच आहे, मग वर्दीत का असेना.

आरोपीच्या सांगण्यावरून माल काढताना त्याचं निवेदन आणि पुढचा पंचनामा हे साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या चौकटीत बसले पाहिजेत. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, चालतो तो त्यातून नव्याने निष्पन्न झालेल्या वस्तूपुरता भाग. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं आहे. नेहमीचेच दोन पंच घेऊन ठाण्यात बसून पंचनामा उरकायचे दिवस गेले, आणि गेले ते बरंच झालं. एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट: ओळख परेड व्हायची असेल तर आरोपीचा चेहरा झाकून ठेवा. पथकासोबतचा त्याचा फोटो आधीच व्हॉट्सॲपवर फिरला असेल, तर फिर्यादीने त्याला ओळखलं याला कोर्टात फार वजन राहत नाही.

७. प्रतिबंधक कारवाईची शिडी

पकडलेला चोर जामिनावर सुटतो, मग पुढे काय? इथे पायऱ्या आहेत आणि त्या क्रमाने चढायच्या असतात. सगळ्यात खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘एकशे दहाची चॅप्टर केस’, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२९. बंधपत्र मोडलं तर ते जप्त करायची कारवाई लगेच करा. ती क्वचितच होते, म्हणून गुन्हेगार चॅप्टरला हसतात.

त्यावर तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आधी नोटीस देऊन म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं की हा असाधारण उपाय आहे, माणसाच्या मूलभूत हक्कावरचा घाला आहे, आणि पूर्ण दोन वर्षं द्यायची तर कारण नोंदवलं पाहिजे. छापील प्रस्तावात नुसती नावं बदलून पाठवलेल्या तडीपाऱ्या उच्च न्यायालयात टिकत नाहीत. आणि तडीपार केलेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन तेच करतो, हा प्रश्न कायद्याच्या रचनेतच आहे. निदान तिकडच्या ठाण्याला कळवा तरी.

एमपीडीए, म्हणजे धोकादायक व्यक्तींना आळा घालणारा १९८१ चा कायदा, वर्षभरापर्यंत स्थानबद्धतेची मुभा देतो. पण त्यासाठी त्या व्यक्तीमुळे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते, हे दाखवावं लागतं, नुसते चोरीचे गुन्हे मोजून दाखवणं पुरत नाही. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत कारण नसताना महिने गेले तर आदेश रद्द होण्याची भीती असते. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा टोळीसाठी आहे: मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं, त्यांची कोर्टाने घेतलेली दखल आणि उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी. साखळीचोरांच्या टोळ्यांवर तो पूर्वीपासून लावला जातो. आता त्याआधीची एक पायरी न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये आहे, किरकोळ संघटित गुन्ह्याची, एक ते सात वर्षं शिक्षेची.

८. लोकांना सोबत घेणं

भिवंडीचं उदाहरण पोलिसांत अजून सांगितलं जातं, आणि सांगायलाच हवं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. प्रश्न दंगलीचा होता, चोरीचा नव्हे, पण धडा इथेही लागू पडतो: संकटाच्या आधीपासून लोक ठाण्यात येत-जात असतील, तरच संकटात ते माहिती देतात. खेड्यात हेच काम पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दल करतं.

सोसायट्यांना काय सांगायचं? ‘दागिने घालू नका’ हे सांगू नका, बायकांना त्याचा राग येतो आणि तो रास्त आहे. त्यापेक्षा ठोस कामं द्या: एक कॅमेरा रस्त्याकडे वळवणं, डीव्हीआरचं घड्याळ महिन्यातून एकदा लावणं, बंद दिव्याच्या खांबाचा नंबर कळवणं. महापालिकेकडे दिव्यांचा पाठपुरावा मात्र तुम्ही करा, ठाण्याच्या लेटरहेडवर. आमच्या उदाहरणातल्या सर्व्हिस रोडच्या तोंडाशी झुडपं छाटून दोन दिवे लागले, तर कदाचित एक मार्शल तिथून मोकळा करता येईल.

९. दर आठवड्याचा हिशोब

न्यूयॉर्क पोलिसांनी १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन आयुक्त असताना कॉम्पस्टॅट हे गुन्ह्यांच्या आकड्यांवरून आढावा घेण्याचं तंत्र सुरू केलं. ताजी माहिती, चटपट तैनाती, नेमके उपाय आणि सतत पाठपुरावा. त्याने आकड्यांचं वेड इतकं वाढवलं की आकडे कमी दाखवण्यासाठी गुन्हे हलक्या सदरात टाकल्याचे आरोपही पुढे झाले. म्हणजे फिरून पहिल्याच पायरीचा रोग. बैठक घ्या, पण तिथे ‘किती अटक’ याआधी ‘कुठली जागा शांत झाली आणि कुठली नवी पेटली’ हे विचारा. चोर हललेत की थांबलेत, हे कळायला शेजारच्या दोन ठाण्यांचे आकडेही समोर हवेत. मंदिराचा कोपरा शांत झाला म्हणून गस्त एकदम काढू नका, आठवड्याला दोन फेऱ्यांवर आणा आणि महिनाभर बघा.

दोषारोपपत्र दाखल झाल्यावर फाईल बंद करू नका. साक्षीदारांचे बदललेले पत्ते, समन्स बजावलं की नाही, जप्त सोनं फिर्यादीला परत मिळालं की मुद्देमाल कक्षात पडलंय, हे एकाच वहीत लिहा. सत्तरीच्या आजीला तिचं मंगळसूत्र कोर्टाच्या आदेशाने दोन महिन्यांत परत मिळालं, तर तिच्या इमारतीतले चार लोक पुढच्या वेळी स्वतःहून फुटेज आणून देतात. आणि बदलीचा आदेश निघाला की ती वही, जागा-वेळेचा नकाशा आणि सुटून आलेल्यांची ताजी यादी नव्या अधिकाऱ्याच्या हातात द्या, त्याच्याबरोबर एक सकाळ सर्व्हिस रोडवर उभे राहा, मग रिलीव्ह व्हा.